शाळेचं नाव नसलेली सहल

डाळिंब सोलायला घेतलं की माझा हात अजूनही जरा थांबतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ठाण्याचा चहा सुटला, ठाण्यातली जागरणं सुटली, ठाण्यात बसून चढणारा रागही बराचसा सुटला. पण इंदापूरला नेमणुकीवर असतानाचं ते एक प्रकरण काही सुटलं नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या असतील, नसतील. तरी सबंध नोकरीत मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकलं ते त्यानंच. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्यातली माणसं अजून तिकडंच राहतात, त्यांना त्यांचं आयुष्य सुखानं जगू द्यावं.

मी मुळात चौकस माणूस. आमची मंडळी म्हणतात, तुम्ही पोलिसात गेलात म्हणून बरं, नाहीतर एवढ्या चौकश्या केल्याबद्दल लोकांनी तुम्हाला चोपलं असतं. खरं आहे ते.

नरसिंहपूरला, नीरा आणि भीमा मिळतात तिथं, यात्रेच्या बंदोबस्ताची बैठक होती. गाड्या कुठं लावायच्या, दुकानं कुठवर मांडू द्यायची, बाया-पुरुषांच्या रांगा कशा वेगळ्या करायच्या, हेच दरवर्षीचं दळण. बैठक उरकून मी घाटाच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. तिथले एक म्हातारे नावाडी माझ्या ओळखीचे. सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही म्हणायचो. ते जवळ येऊन टेकले आणि म्हणाले, "साहेब, एक इचारू का?"

"विचारा की."

"आजकाल साळंची पोरं सहलीला झोपायला येत्यात व्हय?"

मला हसू आलं. पण तात्या हसत नव्हते. त्यांनी सांगितलं ते असं. हिवाळ्यापासून अधूनमधून पोरांची एक गाडी येते. पोरं उतरतात, ओळीनं दर्शन घेतात आणि पिंपळाच्या सावलीला जाऊन आडवी होतात.

"सहलीचं पोरगं म्हंजी निव्वळ माकाड," तात्या म्हणाले. "नावंत पयलं कोण बसायचं म्हून भांडतंय, पाण्यात हात घालतंय, मास्तर बोंबलून बोंबलून दमतोय. ह्यांच्यातलं एक पोर पाण्याकडं बघत न्हाय. मी म्हणलं, चला, फुकट फिरवून आणतो. एक उठलं न्हाय बघा. डोळं उघडं असलं तर उठतील."

"लांबून आली असतील, तात्या."

"लांबनं आल्यालं पोर हुंदडतंय, साहेब. झोपतंय ते दमल्यालं."

 मी एवढंच सांगितलं, की आता गाडी आली की लगेच ठाण्यात फोन करा.

ठाण्यात येऊन मी हे आमच्या ठाणे अंमलदाराला सांगितलं. तो बिलंदर. म्हणाला, "साहेब, झोपणं कोणत्या कलमाखाली येतं? मलाही मग अटक करावी लागेल." सगळे हसले, मीही हसलो. पण डोक्यात भुंगा शिरला होता. सहली निघतात हिवाळ्यात. आणि हे दिवस होते वार्षिक परीक्षेचे. शिक्षण खात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, ह्या दिवसांत सहलीला परवानगी मागायला कुठला मुख्याध्यापक आला तर मी त्यालाच दवाखान्यात पाठवीन.

काही दिवसांनी एका सकाळी तात्यांचा फोन आला. "आली बघा तुमची साळा."

मी साध्या कपड्यांत निघालो, डोक्याला टोपी घातली. बरोबर आमच्या एक महिला हवालदार होत्या, मूळच्या लोणी भापकरच्या. त्यांना सगळं ठाणं ताई म्हणायचं. ताई नऊवारी नेसून हातात पूजेचं ताट घेऊनच गाडीत बसल्या. म्हणाल्या, "साहेब, आज तुमी माझं सासरं. नीट वागा."

देवळाखाली एक मिनीबस उभी होती. तिच्यावर कापडी फलक बांधला होता, 'शैक्षणिक सहल'. बस्स, एवढंच. आता आपल्याकडं शाळेची गाडी कधी नीट पाहिलीय का? आधी संस्थेचं नाव, मग संस्थापकांचं नाव त्याहून मोठ्या अक्षरांत, मग गाव, तालुका, आणि उरलेल्या जागेत कुठंतरी 'सहल'. नाव न टाकता सहल काढणारी शाळा मी आयुष्यात पाहिली नव्हती.

पिंपळाखाली पोरं होती. मुली जास्त, मुलगे थोडे. तात्या म्हणाले तश्शीच, सकाळच्या पारी एकमेकांच्या अंगावर डोकी टाकून गाढ झोपलेली. सगळ्यांना पिवळे टी-शर्ट, नवेकोरे, घड्यांच्या खुणा तशाच दिसत होत्या. आणि सगळे एकाच मापाचे. मोठ्यांना बरोबर बसत होते, धाकटी त्यात बुडून गेली होती. त्यांच्याजवळ एक तिशीचा गडी गळ्यात शिट्टी अडकवून मोबाईल बघत बसला होता.

"रामराम गुरुजी," मी म्हणालो. "कुठली शाळा म्हणायची ही?"

"बारामतीकडची हाय, काका."

"बारामतीकडं शाळा पुष्कळ. नाव काय?"

त्यानं जरा विचार केला. "इंग्लिश मीडियम हाय," तो म्हणाला.

"वा. कितवीची पोरं?"

"समद्या वर्गांची."

"परीक्षा नाहीत का आत्ता?"

"आमच्यात परीक्षा नसत्यात."

"मग मजा आहे की पोरांची," मी म्हणालो. तो हसला. हसताना माणूस खरं बोलतोय का खोटं हे ओळखायला मला जमायचं. हा गडी सरळ खोटं हसत होता. पण खोटं बोलणं हा काही गुन्हा नव्हे, आणि पोरं झोपलीत म्हणून गाडी अडवता येत नाही.

तेवढ्यात ताईंनी मला कोपरानं ढोसलं. "बोटं बघा, साहेब," त्या हळूच म्हणाल्या.

मी पाहिलं. झोपलेल्या पोरांच्या हातांची बोटं, नखांपासून पेरापर्यंत, काळी पडली होती. मळाचा काळेपणा नव्हे. धुऊन धुऊन आत मुरलेला, करडा काळा. ताईंच्या माहेरी डाळिंबाची बाग. त्या म्हणाल्या, "डाळिंब सोललं की सालीनं आशी बोटं व्हत्यात. पन एवढी? आमच्या बागंत जलमभर राबणाऱ्यांची न्हाईत."

पायऱ्यांवर एक बाई फळं घेऊन बसली होती. मी तिच्याकडची डाळिंबं घेतली, तिच्याच सुरीनं प्रत्येक फळाला वरून चीर पाडून घेतली आणि पोरांना उठवून म्हणालो, "घ्या रे, आज माझ्या नातवाचा वाढदिवस आहे." नातू तेव्हा मला नव्हता, पण शिट्टीवाल्याला ते काय माहीत. त्याला नको म्हणायला कारण सापडेना.

पुढं जे झालं ते मी आजवर विसरलेलो नाही. आपल्या घरात पोरांच्या हातात डाळिंब दिलं तर काय होतं? चार दाणे तोंडात, चार जमिनीवर, सदरा लाल, आणि आईच्या शिव्या. ह्या पोरांनी फळ हातात घेतलं, दोन्ही अंगठे घालून उकललं, आणि बघता बघता सगळे दाणे मोकळे करून ओट्यावर ठेवले. एक दाणा फुटला नाही. नुसते ठेवले नाहीत, निवडले. लालभडक मधे, फिकट एका बाजूला, डागाळलेले दुसऱ्या बाजूला. साली एकात एक घालून रचल्या. आणि मग सगळी हात मांडीवर ठेवून गप्प बसली. एकानंही दाणा तोंडात टाकला नाही.

"खा की रे," मी म्हणालो.

त्यांनी शिट्टीवाल्याकडं पाहिलं. सगळ्यात धाकटा, सात-आठ वर्षांचा असेल, माझ्याकडं वळून समजावून सांगावं तसं म्हणाला, "खायाचं नस्तंय. सांच्याला जीब बघत्यात."

"गप रं," त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली आणि तिनं त्याचा हात दाबला. ह्या मुलीला आपण सखू म्हणू, खरं नावही 'स'वरूनच होतं. वय बारा-तेराच्या आतबाहेर. दोन घट्ट वेण्या, डोळे मोठे आणि कमालीचे सावध.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. त्या शिट्टीवाल्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही. टोपी काढली आणि माझी ओळख सांगितली.

पोरांना ठाण्याच्या आवारात आणायचं नाही, त्यांच्याशी वर्दीत बोलायचं नाही, हा कायदा आहे आणि चांगला कायदा आहे. शिट्टीवाल्याला, गाडीही तोच चालवायचा, ठाण्यात बसवलं, त्याचा फोन काढून घेतला म्हणजे तो कुणाला सावध करणार नाही. पोरांना जवळच्या अंगणवाडीत नेलं. बाल कल्याण समितीला कळवलं. ताईंनी भात-आमटी करवून घेतली. मग एकेकाशी बोलायला बसलो.

आणि तिथंच माझी गोची झाली. एकही पोर फुटेना. "आमी साळंत हाय. साळा चांगली हाय. जेवान मिळतंय. बाई शिकवत्यात." प्रत्येक पोर हेच, ह्याच क्रमानं. पढवलेली साक्ष ओळखायला फार अक्कल लागत नाही. घाबरून खोटं बोलणारी पोरंही मी पुष्कळ पाहिली होती. घाबरलेलं पोर दाराकडं बघतं, कुणी ऐकतंय का म्हणून. ह्यांच्यातलं एकही दाराकडं बघत नव्हतं. ती सगळी सखूकडं बघत होती.

मग मी सखूला समोर घेतलं. अंगणवाडीच्या इवल्याशा खुर्चीवर मी बसलो तशी ती खुर्ची कण्हली. सखूच्या ओठांवर हसू येता येता राहिलं.

"काल काय शिकवलं बाईंनी?" मी विचारलं. मला वाटलं, इथं अडकणार.

"सूर्यमाला," ती ताडकन म्हणाली. "सूर्य मधी आसतो. पृथ्वी त्याच्याभवती फिरती. सोताभवती बी फिरती."

"मग सूर्य उगवतो तो कसा?"

"त्यो न्हाय उगवत. आपुनच त्याच्याकडं वळतो."

मी चाट पडलो. हे काही शिट्टीवाल्यानं पढवलेलं नव्हतं. हे त्या पोरीला समजलेलं होतं. मग शाळा खरंच आहे की काय? आपण उगाच गुरुजींना धरून आणलं की काय? 

ताईंनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बोट केलं. "सखू, तुझ्या नावातला स कुठला गं ह्यात?"

सखू तक्त्याकडं बघत राहिली. मोठे डोळे ह्या ओळीवरून त्या ओळीवर फिरले. तिला स सापडला नाही. तिनं एकदा बोट उचललं आणि परत खाली घेतलं.

आता खरं कोडं पडलं. जिला सूर्यमाला येते आणि अक्षर येत नाही, ती पोर कसल्या शाळेत जाते? तपासात असं काही समोर आलं की माझी भूक मरायची. ताईंनी वाढलेला भात तसाच राहिला.

ताई धोरणी. त्यांनी शाळेचा विषयच सोडला. सखूच्या वेण्या सोडून त्या तिला तेल लावायला बसल्या. मी तिथंच पेपरात तोंड खुपसून बसलो. जरा वेळानं ताई म्हणाल्या, "आईची आठवण येती का गं? फोन लावू या आईला. काळजीत असंल."

एवढा वेळ दगडासारखी बसलेली पोर एकदम वळली आणि तिनं ताईंचा हात धरला. "आयेला नका सांगू," ती म्हणाली. "मला हानायचं तर हाना. आयेला नका सांगू."

"काय नको सांगू?"

"साळा न्हाय त्ये."

मग तिनं जे सांगितलं त्याला फार वेळ लागला नाही. बारामती एमआयडीसीच्या कडेला, हद्दीच्या जरा बाहेर, एक शेड होती. पुढं एमआयडीसीत एक मोठी चकचकीत कंपनी. तिथं डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेले कामगार, बघायला येणारे पाहुणे, परदेशी जाणारे डाळिंबाच्या दाण्यांचे डबे. त्या कंपनीनं दाणे काढायचं काम बाहेर दिलेलं, आणि घेणाऱ्यानं ते ह्या शेडमध्ये आणलेलं. मोठ्या माणसाच्या बोटांत दाणे फुटतात. पोरांच्या बोटांत फुटत नाहीत. कंपनीकडून कुणी तपासायला येणार असलं, किंवा सरकारी माणूस येणार असल्याची कुणकूण लागली, की पोरांना पिवळे शर्ट घालून नरसिंहपूरला पाठवायचं. दुसऱ्या ठाण्याची हद्द, देवाचं ठिकाण, कोण विचारतंय?

आणि शाळा? पोरं सगळी एका कोरड्या भागातल्या वस्त्यांवरची. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी घरं, आता मेंढरं विकून मिळेल ते काम करणारी. त्यांच्यातलाच एक मुकादम झाला होता. त्यानं वस्तीवर सांगितलं, बारामतीला वसतिगृहाची शाळा आहे, फुकट आहे, पोरं साहेब होतील. आईबापांनी अंघोळ घालून, नवे कपडे घालून पोरं पाठवली.

आठवड्यातून एकदा मुकादमाच्या फोनवरून घरी बोलायला मिळे, तो शेजारी बसलेला. सखूच्या आईनं पहिल्याच फोनला विचारलं, "काय शिकलीस गं?" सखूला उत्तर सुचेना. आई काळजीत पडली, पोर मागं पडतीय, डोकं चालत न्हाय की काय. ते सखूला सहन झालं नाही. पोरांत एक मुलगा गावाकडं चौथीपर्यंत शिकलेला होता, एक मुलगी तिसरीपर्यंत. जेवणं झाली की सखू त्यांना बसवायची आणि म्हणायची, तुमाला काय येतंय ते सांगा. ज्याला जे आठवेल ते त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी पाठ करायचं. पाटी नाही, पुस्तक नाही, बोटभर खडू नाही. पुढच्या फोनला प्रत्येकाच्या आईला नवा धडा. कुणाची आई, पोर शिकून शहाणी झाली म्हणून रडायची. कुणाचा बाप वस्तीवर सगळ्यांना सांगत सुटायचा.

"माझी आये समद्या वस्तीला सांगती," सखू म्हणाली. "तिला नका सांगू."

पोरं मुकादमाला वाचवत नव्हती. ती आपापल्या आयांना वाचवत होती. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर हजार तऱ्हांनी खोटं बोललं गेलं होतं, पण असं खोटं मी ऐकलं नव्हतं.

मी तिला खोटं आश्वासन दिलं नाही. म्हणालो, "पोरी, सांगावं लागेल. कायदाच आहे तसा. पण कुणी सांगायचं, मी का तू, ते तू ठरव." ती म्हणाली, "मी सांगन."

पुढचं काम नेहमीच्या वाटेनं झालं. गुन्हा शून्य क्रमांकानं नोंदवला, म्हणजे घटना कुणाच्याही हद्दीत असो, नोंद आधी, हद्द नंतर. बारामतीकडच्या अधिकाऱ्याला मी विश्वासात घेतलं. छापा पडणार ही बातमी आधी शेडला पोचते हे आता कळलंच होतं, म्हणून कामगार खात्याच्या साहेबांना फोन करून फक्त एवढंच म्हटलं, चहाला या. गाडीत बसल्यावर कुठं चाललोय ते सांगितलं. साहेब भले माणूस, म्हणाले, "चहा तरी पाजा." रस्त्यात पाजला.

शेड रिकामी होती. पाण्यानं धुतलेली, थंडगार. स्टीलची चकचकीत टेबलं ओळीनं मांडलेली. शेडचा मालक चांगला शिकलेला, गोड बोलणारा. "सर, इथं बायका काम करतात. आज सुट्टी दिलीय. पोरं? छे, छे. आम्ही स्थानिकांना रोजगार देतो, सर. हे मागास भाग पुढं यायचे तर उद्योग नको का?"

कामगार साहेब माझ्याकडं बघायला लागले. पोरं नाहीत, पुरावा काय? मी नेहमीच्या सवयीनं इकडंतिकडं फिरत होतो. ह्या टेबलांत काहीतरी चुकतंय असं सारखं वाटत होतं, काय ते कळेना. मग पंचांपैकी एक जाडजूड गृहस्थ दमून टेबलाला टेकायला गेले आणि मागंच कलंडले. टेबल त्यांच्या मांडीच्याही खाली होतं.

मी वाकून पाहिलं. सगळ्या टेबलांचे पाय करवतीनं कापलेले होते. कापलेल्या जागी कडा अजून खरबरीत. आणि पाठीमागं भंगारात ते कापलेले तुकडे पडले होते.

"तुमच्याकडच्या बायका केवढ्या हो?" मी मालकाला विचारलं. "माझ्या कमरेएवढ्या?"

त्याचं गोड बोलणं तिथं संपलं. पंचनाम्यात टेबलांची उंची मोजून लिहिली, तुकडे जप्त केले.

मुकादमाला दुसऱ्या दिवशी त्याच्या पाहुण्यांकडून उचलला. त्याची चौकशी मी स्वतः केली. मला एकच गोष्ट कळत नव्हती. एवढ्या घरांतली पोरं नेली, एका आईबापाला कसं वाटलं नाही की जाऊन शाळा बघून यावी? बारामती म्हणजे काही विलायत नव्हे.

तो आधी उडवाउडवी करत होता. मी म्हणालो, "चहा घे, आणि एवढंच सांग. त्यांना यायला तू बंदी घातली होतीस?"

"न्हाय साहेब. या म्हणलो होतो."

"मग का नाही आले?"

तो खाली बघत म्हणाला, "आमच्यात मेंढरं राखणीला देत्यात. घरच्या अडचणीला आपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात सोडायची. दिली की मधी बघायला जायाचं नस्तं. बघायला गेलं म्हंजी राखणाऱ्यावर इस्वास न्हाय आसं व्हतं. त्येचा आपमान व्हतो. आन् मी तर घरचा."

"म्हणजे तुला माहीत होतं, कुणी येणार नाही."

 चहा तसाच ठेवला त्यानं.

मला त्या माणसाची चीड आली ती ह्यासाठी. पोरांना राबवणारे मी पाहिले होते, हॉटेलात, वीटभट्ट्यांवर. पण आपल्याच लोकांची चांगली रीत हेरून तिचाच फास करणारा माणूस वेगळाच. त्या रीतीवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं जगली, माणसं जगली. शेड आली आणि रीत तीच राहिली, राखणदार मात्र बदलला.

पोरांना बालगृहात ठेवलं होतं. आईबाप आले. सखूची आई आली ती सगळ्यात आधी, उन्हातून तापत, पदरात लेकीसाठी बाजरीचे उंडे बांधून. तिला नुसतं एवढंच सांगितलं होतं, की पोर सुखरूप आहे, या. मी, ताई आणि समितीच्या एक बाई खोलीत होतो. माझ्या नोकरीत वाईट बातमी सांगण्याचे प्रसंग पुष्कळ आले. बरं झालं, ह्या वेळी सांगायचं काम माझ्याकडं नव्हतं.

सखू उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "आये, साळा नव्हती. मी समदं खोटं सांगत व्हते."

 आईनं लेकीचे दोन्ही हात हातात घेतले. बोटं पाहिली. मग पदराचं टोक ओलं करून ती बोटं पुसायला लागली, एकेक. काळेपणा निघेना, तरी पुसत राहिली. ताई उठून खिडकीकडं गेल्या. मी तिथंच बसलो होतो, पण मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आईनं मान वर केली. चेहऱ्यावर रागापेक्षा जास्त गोंधळ होता.

"मंग त्ये सूर्याचं?" तिनं विचारलं. "आपुनच वळतो म्हून सांगितलंस, त्ये? मी समद्यांस्नी सांगितलं. त्ये बी खोटं?"

"न्हाय आये," सखू म्हणाली. "त्ये खरं हाय."

"खरं हाय?"

"व्हय. त्ये खरं हाय."

"मंग आसू दे," आई म्हणाली, आणि मग ती रडली.

खटला चालला, लांबला, जसे लांबतात तसा लांबला. मुकादम आणि शिट्टीवाला आत गेले. मालकाला जामीन मिळाला. मोठ्या कंपनीनं लिहून दिलं, की बाहेर दिलेलं काम कोण करतं ह्याची आम्हाला कल्पना नव्हती. असेलही, नसेलही. कल्पना नसणं ही मोठी सोयीची गोष्ट आहे, आणि ती नेहमी वरच्यांना परवडते. गावात कारखाना आला की आपण विचारतो, किती हातांना काम मिळालं. हात केवढे आहेत, ते कुणी विचारत नाही. मी उद्योगाच्या विरोधात नाही. माझा पुतण्या त्याच एमआयडीसीत कामाला जातो आणि त्याचं घर त्यावरच उभं आहे. पण तिथं डबा उघडून लालभडक दाणे खाणाऱ्यानं एकदा विचारावं, हे काढले कुणी.

पोलीस म्हणून मी एक गोष्ट शिकलो. माणूस खोटं बोलतोय हे पकडणं सोपं आहे. ते तो कुणासाठी बोलतोय, हे कळायला बसावं लागतं, आणि ताईंसारखं कुणी शेजारी लागतं.

पुढं सखू आणि तिच्याबरोबरच्या काही मुली खऱ्या वसतिगृहात गेल्या. निवृत्तीनंतर मी एकदा तिकडं गेलो होतो. काम काही नव्हतं, चौकसपणा. तिथल्या गृहपाल बाईंनी माझी ओळख निघाल्यावर तक्रारच मांडली. "साहेब, त्या सखूच्या आईला तुम्ही तरी समजावा. दर बाजारच्या दिवशी येते. आत येत नाही, बोलत नाही. वर्गाच्या खिडकीशी उभी राहते आणि बघत बसते. पोरीच्या हातात पेन्सिल दिसली की जाते. इतर पालक बघा, कसे निर्धास्त असतात. तिला म्हणावं, आमच्यावर जरा विश्वास ठेव."

मी खिडकीकडं पाहिलं. ती तिथं उभी होती, गजांना धरून.

"बाई," मी म्हणालो, "ह्या लोकांना विश्वास ठेवायला शिकवावं लागत नाही. तिला बघू द्या."